एक्स्पायरीच्या दिवशीची घाई: ऑप्शन ट्रेडिंग, पैशाची ओढ आणि घड्याळ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक्स्पायरी म्हणजे काय, आणि सगळी पडझड त्याच दिवशी का होते?

ऑप्शन म्हणजे शेअर किंवा निर्देशांक ठरलेल्या भावाने, ठरलेल्या मुदतीत घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क. घेण्याचा हक्क म्हणजे कॉल, विकण्याचा म्हणजे पुट. हा हक्क घेताना मोजायची रक्कम म्हणजे प्रीमियम. मुदत संपली की हक्कही संपतो, तो दिवस एक्स्पायरीचा. मुदत जवळ येईल तसा प्रीमियम झिजत जातो, आणि शेवटच्या दिवशी ही झीज तासागणिक दिसते.

एक साधा हिशोब मांडू. एक्स्पायरीच्या सकाळी बाजारभावापासून लांबचा एखादा कॉल ८ रुपयांना मिळतोय आणि लॉट, म्हणजे एका वेळी घ्यावाच लागणारा गट, ७५ चा आहे. म्हणजे ६०० रुपयांत काम. दुपारी बाजार जोरात उसळला तर ८ चे ८० होऊ शकतात. नाही उसळला, आणि बहुतेक वेळा तो तेवढा उसळत नाही, तर साडेतीन वाजता बाजार बंद होताना हातात शून्य. ट्रेडर पोरं याला ‘झिरो टू हिरो’ म्हणतात. नावात शेवट हिरोवर होतो, खात्यात सहसा झिरोवर.

निफ्टी, बँक निफ्टी, सेन्सेक्स अशा निर्देशांकांवरचे, म्हणजे निवडक शेअर्सच्या एकत्रित भावावरचे, ऑप्शन आपल्याकडे २००१ मध्ये आले ते मासिक मुदतीचे. बँक निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन २०१६ मध्ये आले, निफ्टीचे २०१९ मध्ये. पुढे वेगवेगळ्या निर्देशांकांनी वेगवेगळे वार धरले आणि एक वेळ अशी आली की सोमवार ते शुक्रवार रोज कशाची ना कशाची एक्स्पायरी असायची. महिन्यातून एकदा येणारी घाई रोजची झाली. हे आपोआप घडलेलं नाही. तसं ठरवून बाजारात आणलं गेलं.

खरंच एवढे लोक तोट्यात जातात? की नुसती भीती घालतात?

आकडे सेबीचे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे आहेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स (पुढच्या तारखेला ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याचे करार) आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींहून जास्त. खर्च वजा जाता एक लाखापेक्षा जास्त नफा कमावणारे जेमतेम एक टक्का. २०२४-२५ मध्ये तोट्यातल्यांचं प्रमाण ९१ टक्क्यांच्या आसपासच राहिलं आणि एका वर्षाचा एकूण तोटा १.०५ लाख कोटींवर गेला.

यातला एक तपशील मला बाकी सगळ्यांपेक्षा बोलका वाटतो. सलग तोटा होऊनही तीन-चतुर्थांशाहून जास्त लोक ट्रेडिंग करतच राहिले. ‘माहिती नव्हती म्हणून फसले’ हे स्पष्टीकरण इथे पुरत नाही. २०२३ च्या जुलैपासून तर ब्रोकरच्या ॲपवर लॉगिन करतानाच ‘दहापैकी नऊ जणांचा तोटा होतो’ असा इशारा समोर येतो. लोक तो वाचतात, ‘ओके’ दाबतात आणि पुढे जातात.

मग हा सरळ लोभच झाला ना?

लोभ म्हटलं की विषय संपतो, म्हणून तो शब्द मला इथे उपयोगाचा वाटत नाही. सेबीच्याच आकडेवारीत २०२३-२४ मधल्या ट्रेडर्सपैकी तीन-चतुर्थांश लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न ५ लाखांच्या आत दाखवलेलं होतं. तिशीच्या आतल्यांचा वाटा एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेला. राज्यवार पाहिलं तर सर्वांत जास्त ट्रेडर महाराष्ट्रातले. हे लोक मलबार हिलवर दुसरा फ्लॅट घ्यायला निघालेले नाहीत. बहुतेकांना शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या, वर्गमित्रांच्या बरोबरीला यायचं असतं.

मार्शा रिचिन्स आणि स्कॉट डॉसन या अमेरिकी संशोधकांनी १९९२ मध्ये भौतिकवादी मूल्यं मोजायची एक प्रश्नावली तयार केली. ती तीन गोष्टी पाहते: वस्तू मिळवणं हे आयुष्याच्या केंद्रस्थानी आहे का, सुख त्यातूनच येतं असं वाटतं का, आणि यश कशावरून मोजलं जातं. एक्स्पायरीच्या संदर्भात तिसरी गोष्ट सगळ्यांत घातक. गावातला मुलगा किती हुशार, किती कष्टाळू हे जर दारातल्या गाडीवरून, लग्नातल्या खर्चावरून आणि पुण्यातल्या टू बीएचकेवरून ठरत असेल, तर वीस हजारांचा पगार म्हणजे रोज नापास झाल्याची पावती. मग महिन्याला दोन-तीन हजारांची एसआयपी करून पंधरा वर्षांनी काहीतरी होईल, हे उत्तर गणिताने बरोबर असूनही त्याच्या कामाचं राहत नाही. त्याला निकाल या दिवाळीला हवाय.

रिचिन्स यांनीच पुढे, २०११ मध्ये, आणखी एक गोष्ट दाखवली. भौतिकवादी माणसाला वस्तू तर हवी असतेच, पण ती मिळाली की आपलं आयुष्य, नाती, लोकांची नजर, सगळं पालटेल अशी त्याची अपेक्षा असते. ही अपेक्षा जितकी मोठी, तितकी कर्ज काढून खर्च करायची तयारी जास्त.

दुसऱ्याकडे पैसा दिसल्याने माणूस खरंच धोका पत्करतो का?

याचे दोन चांगले पुरावे लॉटरीतून आले आहेत. नेदरलँड्समध्ये एक लॉटरी पिन कोडवर निघते. त्या कोडच्या वस्तीत ज्यांनी तिकीट घेतलं असेल त्या सगळ्यांना रोख बक्षीस, आणि एकाला बीएमडब्ल्यू. पीटर कून आणि सहकाऱ्यांनी पाहिलं तर विजेत्यांच्या शेजारी राहणाऱ्या, स्वतः काहीच न जिंकलेल्या लोकांनीही गाड्या जास्त घेतल्या. कॅनडातल्या एका अभ्यासात तर लॉटरीची रक्कम जितकी मोठी, तितकी विजेत्याच्या जवळच्या शेजाऱ्यांमध्ये पुढे दिवाळखोरी जास्त निघाली. दिवाळखोर झालेल्यांच्या मालमत्तेत घर, गाडी असल्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी जास्त होत्या, हेही त्यात आलं.

आपल्याकडे शेजारी आता आळीत राहत नाही, तो इन्स्टाग्रामवर राहतो. थारच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून काढलेला त्याचा फोटो कोल्हापुरातही दिसतो आणि नांदेडमध्येही. त्याच्या तोट्याचे दिवस मात्र कुठेच दिसत नाहीत.

घाईत माणूस जास्त धाडसी होतो म्हणतात. हे सिद्ध झालंय का?

असं सरसकट सिद्ध झालेलं नाही. याबाबत इंटरनेटवर फार ठोकून दिलेलं वाचायला मिळतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

१९८१ मध्ये हसिदा बेन-झुर आणि श्लोमो ब्रेझनिट्झ यांच्या प्रयोगात वेळ कमी दिल्यावर लोक उलट सावध झाले, आणि त्यांचं लक्ष तोट्याच्या बाजूकडे जास्त गेलं. २०१३ मध्ये मार्टिन कोखर आणि सहकाऱ्यांनी हेच जास्त बारकाईने तपासलं. नुसता फायदाच समोर असताना वेळेच्या दडपणाने काही फरक पडला नाही. नुसता तोटाच समोर असताना लोक धोका टाळू लागले. पण फायदा आणि तोटा दोन्ही शक्य असताना चित्र बदललं: पर्याय कसा मांडलाय त्यावर माणूस कधी तोट्याला जास्त बिचकला, तर कधी फायद्याच्या मागे जास्त धावला.

म्हणजे घड्याळ तुम्हाला शूर किंवा भित्रा करत नाही. डोळ्यांसमोर जे सगळ्यांत ठळक आहे तेवढंच ते शिल्लक ठेवतं आणि बाकीचं पुसून टाकतं. मेलिसा फिनुकेन, पॉल स्लोविक आणि सहकाऱ्यांचं २००० सालचं काम याला जोडून वाचावं. एखादी गोष्ट आवडली की तिचा फायदा मोठा आणि धोका लहान वाटतो, हा आपला नेहमीचा कल आहे. वेळेचं दडपण आलं की तो आणखी घट्ट होतो. निवांत बसलेला माणूस ‘फायदाही मोठा आणि धोकाही मोठा’ असं दोन्ही एकदम मनात धरू शकतो. घाईतल्याला ते जमत नाही.

आता दोन्ही धागे जोडा. काय ठळक दिसणार हे मनातली मूल्यं ठरवतात. ज्याच्या मनात सहा महिने थार उभी आहे, त्याला पाच मिनिटांत निर्णय घ्यायला लावलात तर तो काय पाहील? दहापैकी नऊ हा आकडा तर तो पाहणार नाहीच.

सकाळी ठरवलेलं दुपारी का मोडतं?

कारण दुपारचा माणूस तोट्यात असतो. सकाळी सव्वानऊला बाजार उघडताना ठरलेलं असतं, पाच हजार गेले की बंद. अकराला पाच जातात. मग ‘एक रिकव्हरी ट्रेड’. दीडला बारा गेलेले असतात. रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी १९९० मध्ये दाखवलं की तोटा झालेला माणूस एरवी धोका टाळतो, पण ज्या पर्यायात आजचा तोटा भरून निघून बरोबरीत यायची संधी दिसते तिकडे मात्र ओढला जातो. एक्स्पायरीच्या दुपारी स्वस्त झालेले लांबचे ऑप्शन नेमकी हीच संधी समोर ठेवतात: थोड्या पैशांत सगळं परत. आणि साडेतीनची घंटा ती संधी आत्ताच घ्यायला लावते.

बरोबरीचा बिंदू कुठला धरायचा, हेही मूल्यांवरच येतं. कुणासाठी तो सकाळची शिल्लक असते. कुणासाठी बहिणीच्या लग्नाला कबूल केलेले चार लाख. या दुसऱ्या माणसाचं खातं हिरवं, म्हणजे नफ्यात, असलं तरी तो स्वतःच्या हिशोबात तोट्यातच असतो, आणि तोट्यातल्या माणसासारखाच वागतो.

स्टॉप लॉस लावला की प्रश्न मिटला ना?

अर्धा. स्टॉप लॉस म्हणजे भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की आपोआप विकायची आधीच दिलेली सूचना. एक्स्पायरीला भाव इतक्या झपाट्याने हलतो की तुमचा स्टॉप लॉस कधी ठरलेल्या भावापेक्षा बराच खाली लागतो, आणि लिमिटचा, म्हणजे ठरावीक भावाच्या खाली न विकणारा, असेल तर कधी लागतच नाही. दुसरं म्हणजे स्टॉप लॉस खाली सरकवायला एकच बोट पुरतं. सकाळच्या शहाण्या माणसाने लावलेलं कुलूप आणि किल्ली दुपारच्या घाबरलेल्याच्या खिशात, असा तो प्रकार आहे.

समोर कोण असतं? आपला तोटा जातो कुठे?

२०२३-२४ मध्ये स्वतःच्या पैशाने ट्रेड करणाऱ्या कंपन्यांनी म्हणजे प्रॉप डेस्कनी सुमारे ३३ हजार कोटी, तर परदेशी संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी रुपयांचा नफा खर्चाआधी कमावला. त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त नफा अल्गोरिदमने, म्हणजे संगणकाने केलेल्या व्यवहारांतून. त्या यंत्राला थार नको असते आणि साडेतीनची धास्तीही नसते.

उरलेला पैसा खर्चात जातो. २०२३-२४ मध्ये माणशी सरासरी २६ हजार रुपये ब्रोकरेज, एक्स्चेंज शुल्क, कर यांत गेले. तुम्ही जिंकलात तरी ते द्यायचे, हरलात तरी द्यायचे. जितक्या वेळा बोट दाबाल तितक्या वेळा द्यायचे. त्यामुळे तुम्हाला घाई असणं कुणाच्या सोयीचं आहे हे वेगळं सांगायला नको.

हा जुगारच नाही का?

कायद्याने नाही. एक्स्चेंजवरचे डेरिव्हेटिव्ह, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सचे, व्यवहार १९५६ च्या रोखे करार कायद्याखाली येतात आणि त्यांचा खरा उपयोगही आहे. ज्याच्याकडे शेअर्स आहेत तो पडझडीपासून संरक्षण म्हणून पुट घेतो. पण सीमारेषा किती पातळ आहे ते मुंबईला जुनं माहीत आहे. इथला मटका मुळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद भावांवर लागायचा, ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथूनच आले. कापूस खरेदी करणाऱ्या गिरणीसाठी तो भाव धंदा होता, आकडा लावणाऱ्यासाठी नशीब. अर्ध्या तासाच्या आत घेऊन विकलेला ऑप्शन यातल्या कुठल्या बाजूचा, ते ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत तुमच्या लक्षात आलंच असेल.

सेबीने काही केलं की नाही?

केलं, आणि त्यातलं बरंचसं घड्याळावरच आहे. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी ठेवता येईल असं ठरलं. नोव्हेंबरात बँक निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी बंद झाली. कराराचं किमान मूल्य १५ लाखांवर नेलं, म्हणजे लॉट मोठे झाले. फेब्रुवारी २०२५ पासून ऑप्शनचा प्रीमियम आधी पूर्ण भरावा लागतो. २०२५ च्या सप्टेंबरपासून एक्स्पायरी मंगळवारी किंवा गुरुवारीच: निफ्टीची मंगळवारी, सेन्सेक्सची गुरुवारी. ‘शिक्षण’ म्हणून व्हिडिओ करणाऱ्यांनी चालू भाव न दाखवता तीन महिने जुने वापरायचे, असं जानेवारी २०२५ मध्ये ठरलं.

पाचाचे दोन दिवस झाले हे चांगलंच. पण लॉटचा आकार वाढवल्याचा दुसरा परिणामही पाहा. छोट्या खातेदाराला जवळचा, महाग ऑप्शन परवडेनासा झाला की तो बाजार सोडेलच असं नाही. तो लांबचा, स्वस्त, जवळजवळ नक्की शून्य होणारा ऑप्शन घेईल.

टेलिग्रामवरच्या एका सरांची टिप खरी ठरते. त्यांचं ऐकायला काय हरकत?

सर सेबीकडे रिसर्च ॲनालिस्ट किंवा गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदलेले आहेत का, ते सेबीच्या संकेतस्थळावर आधी पाहा. नसतील तर पैसे घेऊन टिप देणं बेकायदा आहे. शंभर जणांच्या एका गटाला कॉल आणि दुसऱ्याला पुट दिला की एका गटासाठी सर रोज खरेच ठरतात. ‘आत्ताच घ्या, दहा मिनिटांत भाव सुटेल’ असं लिहून आलं की ते शब्द कशासाठी आहेत ते आता तुम्हाला कळलं असेल. ॲप स्टोअरच्या बाहेरून, लिंक पाठवून नवं ‘ट्रेडिंग ॲप’ उतरवून घ्यायला सांगितलं तर ते फसवणुकीचं समजा. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. फक्त इथेच घाई कामाची.

डब्बा ट्रेडिंगमध्ये खर्च कमी पडतो म्हणे?

बेकायदा आहे. व्यवहार एक्स्चेंजवर जातच नाही, कॉन्ट्रॅक्ट नोट म्हणजे व्यवहाराची अधिकृत पावती नाही, जिंकलात तरी पैसे मिळतील याची हमी नाही, आणि तक्रार करायला गेलात तर आधी तुम्हीच उत्तर द्यायचं.

तोटा भरायला ॲपवरून कर्ज घेतलंय. आता?

पहिलं, त्या पैशाने ट्रेड करू नका. दुसरं, कर्ज देणारी संस्था रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का पाहा. नोंदणीकृत संस्थेला डिजिटल कर्जात ‘कूलिंग ऑफ’ मुदत द्यावीच लागते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून, दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येतं. कर्ज आजच घेतलेलं असेल तर हा मार्ग उघडा आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. मुदत उलटली असेल तर सगळी कर्जं एका कागदावर लिहा, सर्वांत जास्त व्याजाचं आधी फेडा, आणि घरी सांगा.

मुलगा/नवरा हे करतोय असा संशय आहे. कसं बोलू?

खुणा साध्या असतात: मंगळवारी-गुरुवारी चिडचिड, साडेतीननंतर अचानक शांत, फोन उलटा ठेवणं, मित्रांकडून छोट्या उसनवाऱ्या. ‘तुला सांगितलं होतं ना’ हे वाक्य मात्र तोंडातून काढू नका. त्याचं जे दुखणं आहे ते ‘मी मागे पडलो’ हेच आहे, त्यावर अजून बोट ठेवलंत तर तो पुढच्या एक्स्पायरीला भरपाई करायला जाईल. ‘अरे, किती गेले ते आकड्यात सांग, मी ओरडणार नाही,’ एवढं पुरे. आणि तो आकडा ऐकल्यावर खरंच ओरडू नका. घरात जावयाच्या गाडीची, आत्याच्या मुलाच्या पॅकेजची चर्चा रोज चालत असेल तर ती काही दिवस थांबवता आली तर पाहा. हे सगळ्यांत अवघड असतं, कल्पना आहे. झोप उडालीय, जगण्यात अर्थ नाही असं तो म्हणत असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. मराठीतून बोलता येतं.

पूर्ण बंद करायचंय, पण ॲप समोर दिसलं की राहवत नाही.

मग निर्धारावर विसंबू नका. ब्रोकरकडे फ्युचर्स-ऑप्शन्सचा सेगमेंटच बंद करण्याची विनंती करा. शेअर्स आणि म्युच्युअल फंड तसेच राहतात. तो परत सुरू करायला सहसा उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो, आणि तो गोळा करण्यात जे एक-दोन दिवस जातात तेच तुमचे. काही ॲपवर ठरावीक तासांसाठी ट्रेडिंग थांबवणारं किल स्विच असतं. जुलै २०२४ पासून ऑनलाइन खातं स्वतःहून गोठवण्याची सोय ब्रोकरला द्यावी लागते. तिचा मूळ हेतू संशयास्पद व्यवहार रोखणं हा होता, पण स्वतःला रोखायला वापरली म्हणून कुणी अडवत नाही.

करायचंच असेल तर?

एक्स्पायरीच्या दिवशी नको. आणि ट्रेड आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवा: किती पैसे, कुठे बाहेर, का. सकाळी त्या कागदावर नसलेलं काही करावंसं वाटलं, तर ते उद्याच्या कागदावर लिहा.

झालेल्या तोट्याचा कर भरताना काही उपयोग?

होतो. फ्युचर्स-ऑप्शन्सचं उत्पन्न व्यवसायाचं धरलं जातं, सट्ट्याचं नाही. त्यामुळे पगारदारालाही आयटीआर-३ भरावा लागतो. त्या वर्षी पगार सोडून इतर काही उत्पन्नांतून हा तोटा वजा करता येतो आणि उरलेला पुढची आठ वर्षं नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच. लाजेखातर तोटा न दाखवणारे बरेच असतात. त्यांचे पैसेही जातात आणि ही वजावटही. सीएला पूर्ण वर्षाचं ब्रोकर स्टेटमेंट द्या, फक्त नफ्याच्या महिन्यांचं नव्हे.